राक्षसभुवनच्या लढाईला शत्रू पाहिजे

मंगळवारी सकाळी चहा झाल्यावर सुंदररावांनी कोठीच्या खोलीतली पत्र्याची पेटी अठरा वर्षांनंतर प्रथमच उघडली, आणि आपल्यापाशी शत्रू शिल्लक राहिलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

पेशव्यांचे सैन्य जागच्या जागी होते. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये दहा-दहाच्या ओळीने निजलेले, बोटभर उंचीचे एकशेचाळीस शिपाई सुंदररावांनी दोनदा मोजले. दुसऱ्या कप्प्यात मात्र दोन डांबरगोळ्या होत्या आणि निजामाचा दिवाण होता. दिवाणसाहेब हत्तीवर बसण्यासाठी घडवलेले असल्यामुळे त्यांचे दोन्ही पाय फाकलेले होते. पण खाली हत्ती नव्हता.

"आगं," सुंदररावांनी हाक मारली, "निजामाची फौज कुठं गेली?"

बायनाबाई ओसरीवर मेथी निवडत होत्या. "कोन्ती?"

"हिरव्या अंगरख्याची. एकशेधा शिपाई. आन हत्ती."

"ते व्हय. ते बायकांनी नेले की महालक्ष्म्यांपुढं आरास मांडायला."

"कधी?"

"एका सालाची गोष्ट हाय का? दरसाल नेत्यात. कुनी आनून देतंय, कुनी न्हाई."

"मंग पेशव्यांचे कावून न्हाई नेले?"

"त्या तांबड्या-काळ्या बाहुल्या कोन नेतंय? हिरव्यांच्या डोक्याला जर हाय."

हा दोष सर्वस्वी सुंदररावांचा होता. वीस वर्षांपूर्वी ते राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला गेले होते. तिथे एका म्हाताऱ्याने नदीकडे हात करून, याच वाळवंटात पेशव्यांनी निजामाला हरवले, असे सांगितले. सुंदररावांचे शिक्षण नववीपर्यंतच झालेले. परंतु जिज्ञासा पदवीधराला लाजवील अशी. कोण कुठे उभा होता, पाणी किती होते, हत्ती कोणत्या अंगाला होता, या प्रश्नांनी त्यांना घेरले ते घेरलेच. तेव्हा ते परळीच्या थर्मल वीजकेंद्रात नोकरीला होते. तिथली राख, कागदाचा लगदा आणि मेथीचे पीठ कालवून त्यांनी सुट्टीच्या दिवशी वडवणीला घरी येऊन शिपाई वळायला घेतले. निजाम श्रीमंत, अशी त्यांची समजूत. म्हणून त्याच्या शिपायांना त्यांनी शटरला लावून उरलेला हिरवा तैलरंग दिला आणि बायनाबाईंच्या फाटक्या लुगड्याची जर काढून पागोट्यांना गुंडाळली. पेशव्यांच्या वाट्याला गेरू आणि काजळी आली. पुढे पाळ्या बदलल्या, ओव्हरटाइम वाढला, पेटीला कुलूप लागले आणि किल्ली बायनाबाईंकडे गेली. निवृत्त होऊन सुंदरराव कायमचे घरी आले ते यंदाच्या मे अखेरीस.

तरीही पेटी उघडली नसती. पण सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब यांनी दर्शनी भागातले काचेचे कपाट देऊ केले होते. "दहा ऑगस्टला लढाईचा दिवस हाय, आन त्याच दिवशी रविवार हाय," आबासाहेब म्हणाले होते. "अंबाजोगाईहून इतिहासाच्या मॅडम येनारेत. त्या दिवशी पुरी लढाई मांडली तर कपाट तुमचं. न्हाईतर आमच्या मेव्हण्याच्या कबड्डीच्या ढाली ठेवू. त्या तरी पुऱ्या हायत."

शेवटचे वाक्य सुंदररावांना लागले. त्यांचे घर अर्ध्या कामांनी भरले होते: एका बाजूने विणलेली बाज, तीन पायांचे स्टूल, काट्याविना घड्याळ. आयुष्यात एक तरी गोष्ट पूर्ण करून लोकांपुढे ठेवावी, एवढीच त्यांची आता इच्छा होती. म्हणून टोपी घालून, पिशवी घेऊन ते फौज गोळा करायला निघाले.

पहिले घर शेजारच्या पौर्णिमाचे. तिने कौतुकाने काचेच्या कपाटातून चौदा शिपाई काढून दाखवले. सुंदरराव चष्मा पुसून वाकले. शिपायांच्या हातातल्या तारेच्या तलवारी गेल्या होत्या. एकाच्या डोक्यावर टोपली होती, तीत मोहरीएवढे टोमॅटो. दुसऱ्याला मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि त्याच्या शेजारी पदर घेतलेला तिसरा लाजून उभा होता.

"ही नवरी का?" सुंदररावांनी विचारले.

"व्हय काका. दाढी व्हती, ती खरडली."

"तलवारी कावून काढल्या?"

"लक्ष्मीपुढं हत्यार मांडत असत्यात का? आन पोरांना टोचायच्या."

सुंदररावांना राग यायला हवा होता; पण टोमॅटो कशाचे केले, हे कळल्याखेरीज त्यांना राग सुचेना. ते लाखेचे निघाले. बांगडीची लाख वितळवून थेंब पाडले होते. सुंदररावांनी ते मनात टिपून ठेवले आणि मग येण्याचे कारण सांगितले.

"न्या की काका," पौर्णिमा म्हणाली. "वाचनालयात आमची मानसं दिसतीन. पर हे कोनाकडनं लढनारेत?"

इथे दुसरा कोणी असता तर खोटे बोलून मोकळा झाला असता. सुंदररावांना इतिहासाशी बेइमानी जमेना. "निजामाकडनं," ते म्हणाले.

"आन निजाम?"

"हरतो."

पौर्णिमाने चौदाही जण परत आत ठेवले आणि कपाटाची कडी लावली. "काका, राग मानू नका. अकरा वर्षं महालक्ष्म्यांपुढं बसलेली मानसं हायत ही. सोळा भाज्यांचा निवद बघितलाय त्यांनी. त्यांना हरायला कशी धाडू?"

सुंदरराव पुढच्या घरी पोहोचेपर्यंत ही वार्ता त्यांच्या पुढे गेली होती. दारात उभे राहताच आतून प्रश्न येई, "कोनाकडनं?" आणि उत्तर ऐकताच दार लोटले जाई. एका घरी तर शिपाई पाहायलासुद्धा मिळाले नाहीत. "ते गावाला गेलेत" असे उत्तर मिळाले.

अंगणवाडीच्या सत्यशीलाताईंकडे महालक्ष्म्या नसत. त्यांनी बावीस शिपाई मुलांना अंक शिकवण्यासाठी नेले होते. सुंदररावांना तिथे आशा वाटली. खिडकीत दहाच उभे होते.

"बाकीचे बारा?"

"बेरीज शिकवली तवा समदे व्हते," सत्यशीलाताई म्हणाल्या. "वजाबाकीत गेले."

"म्हंजे?"

"मी म्हनायची, दोन काढा. पोरं काढायची ती खिशात घालायची. पर हे धा मी देते. पोरांनी नावं ठेवलेत बरं का त्यांची. कुनाच्या बाजूनं उभं करनार, ते तेवढं सांगा, पोरं इचारतीन."

सुंदररावांनी सांगितले. सत्यशीलाताईंनी दहा शिपायांवरून एकवार हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, "मंग पुढच्या साली बघू. तवर ही पोरं साळंत जातीन."

शेवटचे घर मालनमावशींचे. हत्ती त्यांच्याकडे होता, आणि तो देव्हाऱ्यात होता. त्याच्या कपाळावर कुंकवाचा थर इतका जाड झाला होता की हत्तीला दुसरे गंडस्थळ फुटल्यासारखे दिसत होते. पाठीवरचा दिवाण मावशींनी पहिल्याच वर्षी उतरवून परत धाडला होता. देवाच्या हत्तीवर परका माणूस कशाला, असा त्यांचा विचार.

"मावशी, हत्तीबिगर लढाई व्हत न्हाई."

"नको व्हऊ दे," मावशी म्हणाल्या. "कुनाचं काय अडलंय?"

"माझं अडलंय."

मावशींनी सुंदररावांकडे निरखून पाहिले. "सुंदर, तुजा चेहरा असा तवा बी झालता, तुजी नववी राहिली तवा. बस, भाकर खा. हत्ती न्हाई मिळायचा."

बुधवार विचार करण्यात गेला. नवे एकशेदहा शिपाई चार दिवसांत वळून वाळणे, तेही श्रावणातल्या दमट हवेत, केवळ अशक्य होते. गुरुवारी सकाळी बायनाबाईंनी पेटीसमोर बसलेल्या नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं एकशेचाळीस हायत ना? मंग निम्मे तिकडं करा."

"आगं, हे पेशव्यांचे हायत."

"त्यांना काय ठावं हाय? रंग लावा."

उपाय सरळ होता, म्हणूनच तो सुंदररावांच्या जिवावर आला. ज्यांच्या विजयाकरिता वीस वर्षांपूर्वी हे कार्य आरंभले, त्यांतल्या सत्तर जणांना त्यांनी स्वतःच्या हाताने हिरवे केले. प्रत्येकाला रंग लावण्यापूर्वी ते हळूच "माफ कर गड्या" म्हणत. सत्तराव्याला त्यांनी दोनदा म्हटले. पागोटी मात्र बदलता आली नाहीत. ती कोरलेली होती.

रविवारी सकाळी नऊ वाजता सुंदररावांनी कपाटात वाळू पसरली, मधून निळी गोदावरी वाहवली आणि काठावर सत्तर विरुद्ध सत्तर अशी लढाई मांडली. दिवाणाला पाय फाकवून वाळूवर बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तरीही लढाई पुरी झाली होती. सुंदररावांनी छाती भरून श्वास घेतला, आणि तेवढ्यात दारातून बायका आत आल्या.

पौर्णिमा पुढे होती. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात सैनिक. मागे सत्यशीलाताई आणि अंगणवाडीची पोरे. त्यांच्या खिशांतून वजाबाकीतले काही जण परत आले होते.

"काकू म्हनल्या, आता निजामाकडं दुसरी मानसं मिळालीत," पौर्णिमा म्हणाली. "मंग आमचे पेशव्यांकडं लावा. जिकनाऱ्यांत."

सुंदररावांनी बायनाबाईंकडे पाहिले. बायनाबाई छताचा पंखा पाहत होत्या.

"आगं पर हे मूळचे निजामाचे हायत," सुंदरराव कुजबुजले.

"मूळचं कोन इचारतंय? आबासाब आले बगा."

बोलायला वेळ उरला नव्हता. बायकांनी आपापली माणसे आपापल्या हातांनी पेशव्यांच्या मागे उभी केली. टोपलीवाला, नवरा-नवरी, बशीएवढ्या जात्याशी बसलेला एक दाढीवाला, असे सगळे जरीची पागोटी मिरवत पेशव्यांच्या पक्षाला मिळाले. सर्वांत शेवटी मालनमावशी आल्या. त्यांच्या ओच्यात हत्ती होता.

"मावशी, ह्यो कोनाकडं?" सुंदररावांनी हात जोडून विचारले.

"कोनाकडंच न्हाई," म्हणून मावशींनी हत्ती थेट गोदावरीच्या मध्यभागी ठेवला. "आंघुळीला आलाय."

त्याच वेळी आबासाहेब प्राध्यापिका प्रियदर्शनी मॅडमना घेऊन आत आले. सुंदरराव भिंतीला टेकून उभे राहिले. निजामाचे शिपाई मराठी पागोट्यांचे, पेशव्यांचे शिपाई जरीचे आणि दाढीवाले, रणांगणात वरात, नदीत हत्ती. कबड्डीच्या ढाली त्यांना स्पष्ट दिसू लागल्या.

मॅडम कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून पाहत गेल्या. मग त्यांनी निजामाच्या एका शिपायाकडे बोट केले. "याचं पागोटं मराठी आहे."

"व्हय," सुंदरराव म्हणाले.

"यांच्यातल्या एकूण एकाचं?"

"व्हय जी."

"आबासाहेब, हे बघा. निजामाच्या फौजेत मराठे सरदार आणि त्यांची माणसं पुष्कळ होती. पण चित्रं काढणारा प्रत्येक जण निजामाकडचा माणूस वेगळाच दाखवतो. हे पहिल्यांदा कोणीतरी खरं दाखवलं." त्या पुढे सरकल्या. "आणि हे टोपलीवाले, जात्यावर बसलेला? बाजारबुणगे. फौजेमागे अख्खा बाजार चालायचा, लग्नंसुद्धा लागत असतील. हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि हत्ती नदीत."

"आंघुळीला," मालनमावशी म्हणाल्या.

"गोदावरीला पूर होता. निजाम अर्धं सैन्य घेऊन पलीकडे गेला, अर्धं अलीकडेच अडकलं. तो क्षण आहे हा. आणि तो वाळूवर बसलेला दिवाण, हत्तीशिवाय." मॅडमचा आवाज जरा खाली आला. "तो याच लढाईत पडला. सुंदरराव, किती वर्षांचा अभ्यास आहे हा?"

"अठरा वर्षं," बायनाबाई मधेच म्हणाल्या. "त्येंनी पेटी उघडली बी न्हाई, एवढा इचार केला."

सुंदररावांनी टोपी सारखी केली. ज्यासाठी जीव आटवला ते कपाट हातात आले होते. फक्त गप्प बसायचे होते. परंतु इतिहासाशी बेइमानी त्यांना मंगळवारी जमली नव्हती, ती रविवारी कुठून जमणार? त्यांनी टोपी काढली आणि सर्व सांगून टाकले. हे हिरवे मूळचे पेशव्यांचे, हे पेशव्यांचे मूळचे निजामाचे; नवरी दाढी खरडलेली आहे, टोमॅटो लाखेचे आहेत, हत्ती देव्हाऱ्यातला आहे; आणि आपल्याला यातले काहीही ठाऊक नव्हते.



"बघा," आबासाहेब मॅडमना हलक्या आवाजात म्हणाले, "लई नम्र मानूस हाय."

मॅडमनी आदराने मान हलवली. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी कपाटाची किल्ली सुंदररावांच्या हातात दिली आणि सर्व जण चहाकडे वळले.

सुंदरराव किल्ली मुठीत धरून तिथेच उभे राहिले. आलेला एकूण एक शिपाई या ना त्या बाजूने उभा होता. लढाई पुरी होती, याविषयी आता कोणालाच शंका उरली नव्हती. पलीकडून बायनाबाईंनी दोनदा हाक मारली, "आवो, च्या निवतोय." त्यांना ती ऐकू आली नाही. त्यांनी चष्मा पुसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि नक्की कोण जिंकतंय ते बघायला ते काचेशी वाकले.