काटा अर्ध्यावर येईपर्यंत

शनिवारी सकाळी सात वाजता अड्याळला धनीराम तिघरेच्या अंगणात एका लाल मोटारीचं इंजीन ऑइल काढण्यात आलं. मोटार दोन दारांची, दोनच माणसांची आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती. तेल काढणारा धनीरामचा मुलगा मनिष पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. याआधी त्यानं सायकलची चेन सोडून काही उघडलेलं नव्हतं. काळंभोर तेल दोरीसारखं सरळ खाली गंजात, म्हणजे पातेल्यात, पडत होतं. धनीराम पाटावर बसून ते बघत होता आणि बघता बघता त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"बाबा, टोपी काहून काढली?" मनिषच्या धाकट्या बहिणीनं, तृप्तीनं विचारलं.

"माहीत नाई," धनीराम म्हणाला. "काढावीशी वाटली."

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला मे महिन्यात जावं लागतं. मनिषसाठी लाखांदूरची अंजू पाहायला तिघरे मंडळी गेली, तेव्हा मनिष ही गाडी घेऊन गेला होता. ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पवनीच्या पुढं उन्हाळी धानाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडली, तापली आणि अंजूच्या घराच्या थोडं अलीकडे लाल दिवा लावून गप्प झाली. शेवटी अंजूच्या दोन भावांनी आणि एका काकानं होणाऱ्या जावयाला गाडीसकट ढकलत दारात आणून ठेवलं.

अंजूचे आजोबा मारोतराव दिघोरे खुर्ची टाकून हे सगळं पाहत होते. मारोतरावांनी उभी हयात राइस मिलचं इंजीन चालवण्यात घालवली होती. इंजीन बंद पडणं ही त्यांच्या लेखी चारित्र्याची गोष्ट होती. चहा झाल्यावर ते म्हणाले, "पोरगा पसंत हाय. गाडी नाई."

"गाडीचं काय घेऊन बसले, आबाजी," अंजूचा काका म्हणाला.

"साक्षगंधाले हेच गाडी पायजे. आपल्या पायानं आली पायजे अन माह्या दारात उभी राह्यली पायजे. मंगच सुपारी फुटन."

सगळे हसले. मारोतराव हसले नाहीत, आणि धनीरामही हसला नाही. "उभी राहीन," तो म्हणाला. त्या एका शब्दाच्या काळजीत त्यानं अख्खा पावसाळा काढला.

मनिषनं मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ पाहून निदान केलं, की तेल तापतं म्हणून गाडी तापते. तेल गार करणारा ऑइल कूलर बाहेरून बसवला, की प्रश्न मिटला. गाडीच्या मापाचा लहान कूलर मिळत होता. तेल गरम होईपर्यंत कूलरकडची वाट बंद ठेवणारा एक व्हॉल्व्हही त्याच्यासोबत मिळत होता. मनिषनं दोन्ही नाकारले. विदर्भात जन्मलेला माणूस कुठलीही वस्तू मे महिना डोळ्यांपुढं ठेवून घेतो, स्वेटर घेतानासुद्धा. त्यानं शर्यतीच्या गाड्यांना लावतात तो सगळ्यात मोठा कूलर मागवला. "आपल्याकडं तेल गार राह्यचं भेव कोणाले हाय?" असं तो म्हणाला, आणि घरात कोणालाच ते चूक वाटलं नाही. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मार्गशीर्षात, ऐन थंडीत ठरलं होतं. त्याच्या हिशोबात तेवढं एक आलं नाही.

तर शनिवारी ओंडक्यांवर चढवलेल्या गाडीखाली मनिष निजला होता आणि भोवती निम्मं गाव ऑपरेशनला जमावं तसं आवाज न करता उभं होतं.

"म्हणजे हे तेल इंजिनातून बाह्यर काढाचं?" धनीरामनं खाली वाकून विचारलं.

"हो. या पाइपातून बाहेर येते, या जाळीत फिरते, वारा लागते, गार होते, अन दुसऱ्या पाइपातून वापस जाते."

"गाडी चालू असताना?"

"चालू असतानाच."

धनीरामनं बैल हाकले होते, डिझेल पंप चालवला होता, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चिखलात रुतवून पाहिला होता. पण जित्या यंत्राचं रक्त अंगाबाहेर काढायचं, वाऱ्यावर निववायचं, परत अंगात सोडायचं आणि यंत्राला पत्ता लागू द्यायचा नाही, ही गोष्ट त्याच्या कल्पनेत कधी आली नव्हती. "माणूस गजब हाय बावा," तो हळूच म्हणाला. मनिषला वाटलं, आपल्यालाच म्हणाले.

पहिली अडचण काढलेल्या तेलापासून सुरू झाली. ते मोजून, तेवढं आणि कूलरपुरतं थोडं जास्त नवं तेल भरायचं, असं मनिषनं ठरवलं होतं. पण जळकं तेल म्हणजे गावात प्रसाद. चौकटीला लावलं तर उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही, बैलबंडीच्या आसाला घातलं तर कुरकुर थांबते. मनिष गाडीखालून बाहेर आला तेव्हा गंज रिकामा होता आणि शेजारचा सेवकराम बाटलीचं बूच लावत होता.

"सेवकरामकाका, ते मोजाचं होतं."

"मंग सांगाचं नाई का गा," सेवकराम म्हणाला. "माह्याजवळ एवढं हाय. बाकीचं आता लोकाइच्या दाराले लागलं असन."

नवं तेल मग अंदाजानं भरावं लागलं. भरायच्या आधी आणखी एक प्रसंग गुदरला. मनिषची आई सत्यभामाबाई तांब्यात दूध-पाणी घेऊन आली. घरात नवं लोखंड आलं, मग तो विळा असो की नांगराचा फाळ, की ते आधी धुऊनच वापरायचं, असा तिच्या घरचा रिवाज.

"आई, त्याच्या आत पाणी गेलं तं इंजीन मरते," मनिष कूलर पोटाशी धरून म्हणाला.

"बाह्यरून धुतो नं."

"बाहेरूनबी नको."

"मंग हे असंच बिनधुतलं लाखांदूरले नेशीन? सोयरे काय म्हणतीन?"

शेवटी तडजोड झाली. तांब्या परत गेला आणि कूलरच्या एका कोपऱ्याला हळद-कुंकू लागलं. "नवरदेव तू हायेस का हा?" तृप्तीनं विचारलं.

खरी अडचण दुपारी आली. कूलर एवढा मोठा, की गाडीचा पुढचा बम्पर बसेना. मनिषनं दाबला, सेवकरामनं गुडघा लावला, आणखी दोघांनी ढकलला. बम्पर टचकन उडून परत बाहेर आला. तो सपरीत, म्हणजे ओसरीवर, धानाच्या कणगीशेजारी ठेवण्यात आला आणि गाडी तोंड उघडं टाकून उभी राहिली. मधोमध कूलरची चांदीसारखी जाळी दात काढल्यासारखी चमकत होती. मनिषला ते बरं दिसेना. गावाला मात्र फार आवडलं. "आता दिसते मशीन," सेवकराम म्हणाला. "आधी नुसती टिकली लावल्यावानी होती."

रविवारी सकाळी धुकं एवढं दाट होतं, की अंगणातून रस्ता दिसत नव्हता. साक्षगंधाचा मुहूर्त अकराचा. मनिषनं किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात इंजीन गुरगुरलं. दहा माणसं गाडीखाली डोकावली. तेलाचा एक थेंब गळत नव्हता. धनीरामनं पाइपाला हात लावून पाहिला. आतून तेल धावत असल्याची थरथर त्याच्या बोटांना जाणवली. तो गाडीत बसला, म्हणजे जवळजवळ निजलाच. मागं सेवकरामच्या जीपमध्ये सत्यभामाबाई, तृप्ती आणि पाहुणे निघाले.

गाडीत मनिषनं तेलाच्या उष्णतेचा एक काटा नवा बसवला होता. काटा अर्ध्यावर आल्याशिवाय इंजिनावर जोर द्यायचा नाही, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, आणि मनिष पुस्तकाबाहेर जाणारा नव्हता. घर सुटलं तेव्हा काटा तळाला होता. गाव सुटलं तेव्हाही तळालाच होता. उघड्या तोंडावर थंड धुकं थेट येऊन आदळत होतं. गाडी बैलाच्या चालीनं चालली होती. एक दूधवाला सायकलवरून मागून आला, बाजूनं थोडा वेळ सोबत चालला, आत वाकून पाहिलं, नमस्कार केला आणि पुढं निघून गेला. मग लाखांदूरची एसटी पुढं गेली.

तृप्तीचा फोन आला. "दादा, पुढं सायकलवाला हाय, त्याले हॉर्न नको मारू. घाबरून पडन."

पवनीच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी मनिषनं गाडी थांबवली, उतरून कूलरला हात लावला आणि तसाच उभा राहिला. जाळी माठासारखी गार होती.

"काय झालं?" धनीरामनं विचारलं.

"कूलर चांगला निघाला, बाबा."

"मंग?"

"जास्तच चांगला निघाला." थोडं थांबून मनिष जीपकडं गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, एखादा बोरा हाय का?"

तागाचा बोरा होता, पण त्यात सोयऱ्यांसाठी घेतलेले नारळ होते. नारळ बायकांच्या मांडीवर आले आणि बोरा सुतळीनं गाडीच्या तोंडावर बांधला गेला. टपरीवरची माणसं चहा घेऊन जवळ आली.

"हे काय लावलं गा आतमंदी?" एकानं सेवकरामला विचारलं.

"तेल गार करते."

"मंग झाकलं कायले?"

"जादा गार करते."

"मंग लावलं कायले?"

सेवकरामनं क्षणभर विचार केला. "मे महिन्यासाठी."

सगळ्यांनी मान हलवली. यापेक्षा सरळ कारण असू शकत नव्हतं.

पुढं काटा हलला. आधी दिसेल-न दिसेल असा, मग उभा राहिलेल्या गवताच्या पात्यासारखा वर चढत गेला, आणि धनीरामचा श्वास त्याच्यासोबत चढला. अर्धा झाला. मग अर्ध्याच्या पुढं गेला. समोर धान खरेदी केंद्रावर निघालेल्या ट्रॉल्यांची रांग होती, वारा लागत नव्हता आणि तोंडावर बोरा होता.

"बाबा, उघडा."

धनीराम उतरला, बोरा सोडला. काटा उतरला, पण ट्रॉल्या सुटून मोकळा रस्ता लागताच तो तळाला जाऊन बसला. "झाका." धनीराम परत उतरला. नवं धोतर, नवी टोपी, हातात सुतळी, असा तो दर मैल-दोन मैलांवर उतरू लागला. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्याच्या लक्षात आलं, की बोरा अर्धा दुमडला की काटा दमानं चढतो. त्यानंतर मनिषला सांगावं लागलं नाही. काट्याकडं बघत धनीरामच म्हणायचा, "थांब, दोन बोटं उघडतो." आपण दोन बोटं उघडावीत आणि आत, लोखंडाच्या पोटात, ते कळावं, याचं त्याला इतकं आश्चर्य वाटत होतं, की लाखांदूरहून तीनदा आलेले "कुठवर पोचले?" हे फोन त्यानं नीट ऐकलेसुद्धा नाहीत.

लाखांदूरच्या वेशीवर उतरून त्यानं बोरा काढून हातात घेतला, तेव्हा समोरून एक मोटरसायकल आली. अंजूचा भाऊ चालवत होता आणि मागं मारोतराव बसले होते. वाट पाहून त्यांचा धीर सुटला होता.

"हे काय होय?" त्यांनी बोऱ्याकडं काठी दाखवली.

धनीरामनं सगळं सांगितलं. तेल कुठून निघतं, कुठं फिरतं, किती बोटं झाकली की काय होतं, ते न अडखळता सांगितलं. मारोतराव ऐकत ऐकत वाकले. त्यांनी पाइपावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग दारातून आत डोकावून काट्याकडं पाहिलं. काटा बरोबर अर्ध्यावर होता. सकाळपासून पहिल्यांदा, बोऱ्याशिवाय.

"कवापासून हाय असा?"

"आत्ताच आला, आबाजी," मनिष म्हणाला.

मारोतराव धनीरामच्या जागेवर बसले. त्यांनी काठी पायाशी ठेवली आणि दार ओढून घेतलं. "चाल," ते म्हणाले. "सोयऱ्याले मोटरसायकलवर येऊ दे."

धनीराम बोरा मांडीवर घेऊन मोटरसायकलवर अगोदर पोचला. जीपही पोचली होती. मांडवाच्या तोंडाशी बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या, भटजी घड्याळ पाहत होते, अंजू खिडकीत होती. इंजिनाचा आवाज आला. त्या रस्त्यानं असा आवाज कधी आला नव्हता, सगळ्या कापडाला एकदम कात्री लागावी तसा तो होता. लाल गाडी वळणावरून आली, दारासमोर आली. आत मारोतराव काट्यावर बोट रोखून बसलेले सगळ्यांनी पाहिले. "थांबू नको. काटा मधात हाय," एवढं ऐकू आलं आणि गाडी दारासमोरून निघून गेली.

आरतीतली ज्योत त्या वाऱ्यानं विझली.

"आली तं खरी," अंजूचा काका म्हणाला.

"पण उभी नाई राह्यली," अंजूचा भाऊ म्हणाला.

"राहीन नं वापस आल्यावर," सत्यभामाबाई म्हणाली.

"मुहूर्त उभा राहत नसतो," भटजी म्हणाले.

अंजूनं मनिषला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मनिषचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "आबाजी थांबू देत नाईत. वडसा आलं. मी काय करू?"

सगळ्यांनी धनीरामकडं पाहिलं. मुलाला चार शब्द सुनावणं हे आता बापाचं काम होतं. धनीरामनं फोन हातात घेतला, तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "काटा कुठं हाय?"

"अर्ध्यावर."

"हलला नाई?"

"नाई, बाबा."

धनीरामनं फोन अंजूला परत दिला आणि तो मांडवातल्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसला. अकरा वाजून गेले होते. सुपारी ताटात तशीच होती. शेवटचं कळलं तेव्हा गाडी वडसा मागं टाकून ब्रह्मपुरीच्या रस्त्याला लागली होती.