टीव्हीवर रजनी आणि पार्किंगमध्ये लड

कार्यक्रम आखावा तर मीच! उगाच बढाई मारत नाही. बँकेत होतो तेव्हा साहेबांच्या निरोप समारंभापासून स्टाफच्या सहलीपर्यंत सगळं माझ्या गळ्यात असायचं, आणि मी ते आनंदानं घालून घ्यायचो. सुरतेत, उधन्याच्या आमच्या सोसायटीत आजही गणपतीचा मांडव मी सांगतो तिथे पडतो. तेव्हा आमची रजनी टीव्हीवर येणार असं कळल्यावर मी घरात जाहीर करून टाकलं, "कुणी काही करायचं नाही. सगळं मी बघतो!"

अभिजीत, म्हणजे माझा मुलगा, जेवता जेवता थांबला. "बाबा, घरातच बघू ना आपण."

"घरात? तुझी आई दिल्लीच्या चॅनलवर येतेय आणि आपण सोफ्यावर बसून पोहे खात बघायचं?"

तो मान हलवून पुन्हा जेवायला लागला. कारण रजनीला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, आणि मी एवढा उत्साहानं बोललेला त्यानंतर पहिल्यांदाच.

रजनी इथल्या मराठी शाळेत चित्रकलेची बाई होती. त्याआधी, लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा, पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलसाठी साड्यांवरची फुलं काढून द्यायची. आता ती फुलं कॉम्प्युटर काढतो. तेव्हा कुणीतरी हातानं काढायचं, मग ती हजारो साड्यांवर छापली जायची. दिल्लीचे लोक कलेच्या इतिहासावर मालिका करत होते. लेण्यांतलं फूल, जुन्या पोथीतलं फूल, उंबऱ्यावरच्या रांगोळीतलं फूल असं करत करत ते साडीवरच्या फुलापाशी, म्हणजे आमच्या घरी येऊन पोचले. असल्या मालिका आम्ही दोघं रोज जेवताना बघायचो. म्हणजे ती बघायची आणि मी बोलायचो! "हे काय चित्र? आपला दत्तू पेंटर याहून बरं काढतो!" असं मी म्हणायचो. ती "हं" म्हणायची.

शूटिंग आमच्या बाहेरच्या खोलीत झालं. पुढे दोन-तीन महिन्यांत तिचं दुखणं निघालं आणि कार्यक्रम लागायच्या आत ती गेलीसुद्धा.

आता खरं सांगतो. मला तिचा आवाज आठवेनासा झाला होता. चेहरा आठवायचा, चालणं आठवायचं, चहात साखर कमी घालून "घातली हो" असं खोटं सांगताना मान कशी हलायची ते आठवायचं, पण आवाज काही केल्या येईना. फोनमधले सगळे व्हिडिओ पालथे घातले. बारशाचा, लग्नाचा, सापुताऱ्याच्या सहलीचा. सगळ्यांत रजनी हसतेय आणि आवाज कुणाचा? माझा! "हे बघा, ही रजनी, हा धबधबा, रजनी, इकडे बघ!" तिला कधी मेसेज पाठवायचा असला तर ती फुलाचं चित्र पाठवायची. म्हणून या कार्यक्रमावर माझा सगळा जीव लागून राहिला होता. ती त्यात बोलणार होती!

मी सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. 'रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता कै. सौ. रजनी यांचे पडद्यावर दर्शन. सर्वांनी सहकुटुंब यावे.' वर तिचा हार घातलेला फोटो, कारण चांगला आलेला तोच एक होता.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा सुकलाल धावत खाली आला. सुकलाल अमळनेरकडचा, आयुष्य डाइंग मिलमध्ये गेलेलं. रजनीला तो सख्ख्या वहिनीसारखा मान द्यायचा.

"भाऊ, वहिनी टीव्हीवर यी राह्यनी, आन् ना वाजा, ना फटाका?"

"बँड नको रे सुकलाल," मी म्हटलं. मग माझ्यातला कार्यक्रम आखणारा जागा झाला. "पण फटाक्यांची लड लाव! मोठी! पडद्यावर रजनी दिसली रे दिसली, की पेटव!"

"व्हई जाई, भाऊ!"

ही कल्पना माझी. पुढे सगळे सुकलालला बोलले, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रविवार उजाडला. पार्किंगच्या भिंतीवर रजनीचीच पांढरी चादर ताणून लावली, गणपतीचा प्रोजेक्टर काढला, दोन्ही बाजूंना माझ्याएवढे स्पीकर. पाचलाच लोक यायला लागले. पहिले आले शेजारचे धनसुखभाई. धनसुखभाई पांढऱ्या झब्ब्यात, बायको पांढऱ्या साडीत, मागून दोन्ही सुना पांढऱ्या ओढण्या डोक्यावर घेऊन. त्यांच्यामागे तळमजल्यावरचे, मग बी विंगचे, सगळे पांढरे! येतात, चादरीला हात जोडतात आणि मान खाली घालून सतरंजीवर बसतात. अवाक्षर नाही!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हार घातलेला फोटो, वर 'कै.', रविवारची संध्याकाळ. सगळे गुजराती शेजारी वर्षभरानं ठेवलेलं बेसणं समजून आले होते! आपल्याकडे माणूस गेल्यावर भेटायला जातात ना, तसंच ते, फक्त एका ठरलेल्या वेळी, पांढऱ्या कपड्यांत.

धनसुखभाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "भगवाननी मरजी, काका."

"अहो धनसुखभाई, आज आनंदाचा दिवस आहे! रजनी येणार आहे!"

त्यांनी घाबरून अभिजीतकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काकाने साचवजो, भाई." काकांना सांभाळ म्हणे!

तेवढ्यात सुकलालच्या पत्नी सरलाबाई जरीची साडी नेसून, गजरा माळून, पेढ्यांचा डबा घेऊन अवतरल्या. पहिला पेढा त्यांनी कोंबला तो धनसुखभाईंच्या बायकोच्या तोंडात. त्या बिचाऱ्या पेढा गिळावा की रडावं या विचारात तशाच बसून राहिल्या. खानदेशची मंडळी वरातीला निघाल्यासारखी उजवीकडे, गुजराती मंडळी दुःखात डावीकडे आणि मधे मी, प्रोजेक्टरची वायर धरून.

"बाबा, आपण वर जाऊन बघू या का?" अभिजीतनं कानात विचारलं.

"गप रे! सुरू झालं!"

सुरू झालं. लेणी आली, पोथ्या आल्या. एक जाड आवाजाचा माणूस हिंदीत काहीतरी गंभीर सांगत होता. मी शेजारच्यांना समजावून देत होतो. मग सुरत आली, मिलमधले रंगाचे रूळ फिरायला लागले. आणि एकदम आमची बाहेरची खोली! तो निळा पडदा! ती वेताची खुर्ची! आणि खुर्चीत रजनी!

मी उभाच राहिलो. ती जरा बाजूला बघत होती, ओठांवर हसू येत होतं. तिनं तोंड उघडलं.

आणि सुकलालनं लड पेटवली!

लड कसली, पार्किंगच्या छताखाली ती तोफखान्यासारखी वाजली! पांढरे कपडेवाले किंचाळत उठले. कुणीतरी वायरीत अडकलं आणि डावा स्पीकर आडवा झाला. धनसुखभाई "हे भगवान!" म्हणत माझ्या स्कूटरच्या मागे. समोरच्या सोसायटीतली पोरं क्रिकेट बघत होती, ती धावत आली. "काका, कौन आउट हुआ?" उत्तर मिळायच्या आत एकानं नाचायला सुरुवातही केली! सरलाबाई सुकलालवर ओरडत होत्या, सुकलाल "भाऊनी सांगेल व्हतं!" म्हणून ओरडत होता, आणि धुराच्या पलीकडे, चादरीवर, माझी रजनी बोलत होती.

मी दोन्ही हातांनी धूर बाजूला सारत पुढे गेलो. लड संपली, उजव्या स्पीकरमधून आवाज यायला लागला. ओठ रजनीचे हलत होते. आवाज कुणा भलत्याच बाईचा!

"फूल मेरे लिए केवल फूल नहीं है। वह अनंत की ओर खुलता हुआ एक द्वार है..."

"हे ती म्हणालीच नाही!" मी मोठ्यानं ओरडलो. "ही रजनी नाही!"

सगळे माझ्याकडे वळले. पण खरंच सांगतो, अनंत वगैरे शब्द रजनीनं जन्मात उच्चारला नसता! तिनं शूटिंगच्या दिवशी सांगितलं होतं की फुलाला पाकळ्या पाचच ठेवायच्या, जास्त ठेवल्या तर मिलवाले रंग फार लागतो म्हणून कटकट करतात. मी समोरच बसलो होतो ना! दिल्लीवाल्यांनी तिचं मराठी काढून टाकलं आणि वर आपलं हिंदी चढवलं. बोलता बोलता ती पडद्यावरून गेली आणि रंगाचे रूळ पुन्हा फिरायला लागले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरलाबाई पदर डोळ्यांना लावून रडल्या. धनसुखभाई स्कूटरमागून बाहेर आले, त्यांनी माझे हात हातात घेतले. "बहु सारुं बोल्यां बेन." फार छान बोलल्या म्हणे. मी मान डोलावली. ती बोललीच नाही हे मी त्यांना कसं सांगणार? त्या संध्याकाळी ती मला दुसऱ्यांदा गेल्यासारखी वाटली. चादर उतरवली तर तिला ठिणगीनं भोक पडलं होतं.

अभिजीतनं चॅनलला मेल केला. मूळ शूटिंग द्या म्हणून अगदी विनवण्या केल्या. उत्तर आलं, दिलगीर आहोत, कार्यक्रम तयार झाल्यावर मूळ चित्रीकरण आम्ही ठेवत नाही. मी तो मेल त्याला तीनदा वाचायला लावला.

मग तो म्हणाला, "बाबा, हे लोक सुरुवातीला जरासा मूळ आवाज ठेवतात. मग त्यावर हिंदी येतं. त्या दिवशी पण असणार."

"कुठे होता?"

तो खाली बघत म्हणाला, "लड वाजत होती तेव्हा."

कुणी व्हिडिओ घेतला असेल म्हणून सोसायटीतल्या झाडून सगळ्यांचे फोन तपासले. सगळ्यांत लडच! मी जेवलो नाही. सुकलाल दोन दिवस जिना सोडून गच्चीवरून पलीकडच्या विंगमधून ये-जा करत होता, मला तोंड दाखवायला नको म्हणून. शेवटी मीच त्याला गाठलं. "अरे, मी सांगितलं म्हणून तू लावलीस ना? मग?" तर तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. मीही रडलो. धनसुखभाई तिथून चालले होते. त्यांना एकदाचं बेसणं झाल्यासारखं वाटलं असावं, ते दोन मिनिटं हात जोडून उभे राहिले.

बुधवारी दुपारी कार्यक्रम पुन्हा लागणार होता. या वेळी घरात. फक्त मी आणि अभिजीत. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजचंसुद्धा बटण बंद! सुकलाल आमच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसला. त्यानं सरलाबाईंचा कुकर उतरवायला लावला होता आणि भाजीवाल्याला गेटवरच अडवून ठेवलं होतं. "आते कोनी आवाज कराव नई, भाऊ," तो दाराच्या फटीतून कुजबुजला.

लेणी आली, पोथ्या आल्या. रूळ फिरले. निळा पडदा. वेताची खुर्ची. रजनी बाजूला बघत होती. कुठे बघत होती ते मला आत्ता कळलं. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याच्या शेजारी स्टुलावर मी होतो, आणि सारखा "अगं, पांडेसऱ्याचं सांग ना, पांडेसऱ्याचं!" म्हणून तिला सुचवत होतो. ती माझ्याकडे बघून हसली. दिल्लीच्या माणसाला मराठी येत नसणार, त्याला ते हसू आवडलं असणार, म्हणून त्यानं नेमकं तेवढंच ठेवलं. तिनं तोंड उघडलं.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसता का?"

आणि लगेच, "फूल मेरे लिए केवल फूल नहीं है..."

तोच आवाज! बारीक, किंचित चिडलेला, शेवटी हसू दाबलेला. अभिजीत माझ्याकडे बघायला लागला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी असा रडलो की त्यालाच मला धरावं लागलं.

बाहेरून सुकलालनं विचारलं, "भाऊ, काय बोलन्या वहिनी?"

मी दार उघडून सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "वहिनीच शेत!" वहिनीच आहेत, यात शंकाच नाही.

अभिजीतनं ते पेनड्राइव्हवर घेऊन दिलंय. रोज दुपारी चहा घेऊन बसतो आणि लावतो. ती म्हणते, "अहो, तुम्ही जरा गप्प बसता का?" मी "हं" म्हणतो. अगदी मनापासून ठरवतो. मग मला आठवतं की आज सरलाबाईंनी गिलक्याची भजी पाठवलीत, धनसुखभाई अजून लडीच्या आठवणीनं दचकतात, आणि हे सगळं तिला सांगितलेलंच नाही. म्हणून मी सांगायला लागतो. आणि सांगण्याच्या नादात तिचं ते एवढंसं वाक्य माझ्याच आवाजाखाली निघून जातं, मग पुन्हा मागे घ्यावं लागतं.