भापकर सरांची परवानगी

भापकर सर रस्त्यावरचे फ्लेक्स वाचत नाहीत, तपासतात. बारामतीहून इंदापूरला जायला माणसाला तासभर पुरतो, सरांना अर्धा दिवस लागतो. चौक आला की स्कूटर बाजूला लागते, कपाळावरचा चष्मा नाकावर येतो आणि बोर्डावरच्या एकेका चेहऱ्याकडे बोट दाखवत सर म्हणतात, "ह्याला विचारलं हुतं का?" पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बोर्डावर पन्नासभर शुभेच्छुक असतात. तिथं तर त्यांची दुपारच होते.

सर माझे शेजारी. तीस वर्षं कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत, पण शिट्टी अजून खिशात असते. घरात एकटेच. मी वकील असल्यामुळे हा शेजार मला भलताच महागात पडला आहे. माझ्या ऑफिसात चार खुर्च्या आहेत, पण सर त्यातल्या एकीवरही कधी टेकले नाहीत. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात. माझ्या निम्म्या फायलींवर त्यांच्या चहाचे डाग आहेत आणि त्याबद्दल मला मात्र कुणी विचारलेलं नाही.

एकदा ते पशुखाद्याचं रिकामं पोतं घेऊन आले. पोत्यावर कॉलेजच्या एका कबड्डीपटूचा मांडी थोपटतानाचा फोटो होता आणि शेजारी म्हैस. सरांचं म्हणणं, खेळाडूला म्हशीशेजारी उभं करताना त्याला विचारलं होतं का? मी नोटिशीचा कागद काढला, तेव्हा कळलं की त्या पठ्ठ्यानं घरच्या गाईंसाठी दोन पोती घेऊन खुशीनं होकार दिला होता. सरांनी पोतं परत उचललं. म्हणाले, "मग चालतंय. विचारलं म्हंजी झालं." आणि पोतं घडी घालून घेऊन गेले.

मी त्यांना समजावून पाहिलं. नट-नट्यांचं नाव, चेहरा, आवाज कुणी जाहिरातीत परस्पर वापरला तर कोर्टं मनाई करतात, हे खरं आहे. पण कॉलेजात पळणाऱ्या पोरांसाठी कोण कोर्टात जातंय? शिवाय कॉलेजला वाटतं पोरं आपली, गावाला वाटतं आपली. सर खिडकीपर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "आणि तोंड कुणाचं, ते सांगा की." मी फाईल मिटली. खरं सांगायचं तर मला तेव्हा जेवायला जायचं होतं.

मग अश्विनीचं प्रकरण आलं. अश्विनी सुप्याची, लांब पल्ल्याची धावपटू. निवृत्तीनंतर सरांनीच तिला तयार केलेलं. तिनं विद्यापीठाच्या स्पर्धेत पदक मारलं आणि महिन्याभरात पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीनं भर चौकात तिचा दुमजली फ्लेक्स लावला. गळ्यात पदक, खाली 'आमची विद्यार्थिनी'. पोरीनं त्या अकॅडमीचा उंबराही ओलांडला नव्हता. मीही तो फ्लेक्स पाहिला होता. तिच्या खांद्यावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ घातलेला कुणाचातरी हात होता आणि हाताचा मालक छपाईवाल्यानं कापून टाकला होता. असे हात फ्लेक्सवर नेहमीच असतात, म्हणून मी पुढं गेलो.

अश्विनीच्या वडिलांनी तर त्या फ्लेक्ससमोर नारळ फोडला होता, हार घालून सगळ्या भावकीसकट फोटो काढले होते. सर बापलेकीला माझ्याकडे घेऊन आले तेव्हा वडील हिरमुसलेले होते.

"वकीलसाहेब, एवढा मोठा फोटो आमच्या घराण्यात कुणाचा लागला न्हाय. त्यो उतरवायचा कशापायी?"

पोरगी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "तात्या, माझं नाव बघून गावातल्या चार पोरी तितं दाखल झाल्यात. मला इचारत्यात, तुला कुठल्या सरांनी शिकवलं? काय सांगू मी?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

नोटीस सरांनी फेऱ्या मारत सांगितली. प्रत्येक परिच्छेदात 'विचारलं होतं का' असावं असा त्यांचा आग्रह होता, मी एकदाच येऊ दिलं. चार दिवसांनी अकॅडमीचे मालक स्वतः आले, गोड बोलले. म्हणाले, चुकलं, तर आता विचारतो. फोटो राहू द्या, मानधन देतो, गाडीसुद्धा पाठवतो. सरांच्या येरझाऱ्या वाढल्या. आयुष्यभर ज्या प्रश्नासाठी ते भांडले, तो शेवटी कुणीतरी विचारला होता आणि उत्तर द्यायचं होतं अश्विनीनं.

ती म्हणाली, "न्हाय."

फ्लेक्स उतरला, त्या चार पोरींचे प्रवेशही मागे घेता आले. मला वाटलं, आता माझ्या फायली कोरड्या राहतील.

आठवड्यानं अश्विनी पुन्हा आली. सुप्यात तिचा सत्कार होता आणि बोर्ड ती स्वतः करून घेणार होती. सर नेहमीप्रमाणे चहाचा ग्लास घेऊन खिडकी ते दार फिरत होते. तिनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

"सर, ह्यो मूळ फोटो. त्यांनी तुमाला कापलं आन् हात तेवढा ठेवला. मला अख्खा लावायचाय. तुमाला इचारायला आले. लावू का?"

मी फोटो पाहिला आणि मग सरांचं मनगट पाहिलं. तेच काळ्या पट्ट्याचं घड्याळ. तीस वर्षांत किती पोरांच्या खांद्यावर तो हात असेल आणि किती छपाईवाल्यांनी त्याच्या मागचा माणूस कापला असेल. तरी हा माणूस चौकाचौकात उभा राहून दुसऱ्यांच्या चेहऱ्यांसाठी भांडत होता. मला स्वतःची लाज वाटली.

सर खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच. हातातला चहा तसाच राहिला.

"मला कुणी इचारलं न्हवतं गं आजवर," ते म्हणाले. मग चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "लाव. पर त्यात माझा शर्ट लई जुना हाय."

अश्विनी म्हणाली, तो तसाच राहू दे.