तलावात पोहू नये

माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी असतं. उरलेल्या तीस टक्क्यांची सोय मे महिन्यात कुटुंबाला करावी लागते.

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या सव्वीस जणांच्या कुटुंबात हे काम माझा पुतण्या भावेश पाहतो. यंदा त्याने उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातल्या चौदा तरणतलावांना फोन केले. घरापासून पाऊण तासाच्या आत, ही पहिली अट. पाणी छातीच्या वर नको, ही दुसरी. बाकीच्या नऊ अटी नाश्त्याविषयी होत्या (पैकी तीन फक्त चटणीविषयी). उल्हासनगरचा एक तलाव स्वच्छ होता, स्वस्त होता आणि जवळही होता. पण भावेश स्वतः जाऊन आला आणि त्याने तो बाद केला. तिथे लोक पोहतात, असं प्रत्यक्ष पाहणीत आढळलं.

"फॅमिली क्राउड नाय काका," तो म्हणाला. "येतात, पोहतात, निघून जातात."

अखेर बदलापूरच्या पुढचं एक फार्महाऊस ठरलं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून पंचवीस नायलॉनचे कॉस्च्युम आणले. दुकानदाराने होलसेलचा भाव लावला, आणि कोणाला पोहता येतं का, असला खाजगी प्रश्न विचारला नाही.

सव्विसावी माझी मोठी बहीण विठा. सगळ्यांची विठाआत्या, वय एकाहत्तर. तिने कॉस्च्युम हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत घडी घालून ठेवला. घरात पोहता येणारी ती एकटी. लहानपणी चिखलोलीच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून शिकली (या अभ्यासक्रमाला प्रमाणपत्र नसतं, उमेदवार वर आला की उत्तीर्ण).

आता भावेशची मुलगी उन्नती, वय नऊ. गेल्या वर्षी अशाच एका तलावात तिचा पाय सटकला आणि ती साडेतीन फूट पाण्यात खाली गेली. भोवती उभ्या बावीस मोठ्या माणसांपैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. व्हिडिओत मात्र स्पष्ट आलंय (लाइक चारशे बारा). कशीबशी ती आपली आपण वर आली. तेव्हापासून पोरगी डोक्यावरून तांब्या ओतून घेत नाही. यंदा तिने आत्याला गाठून एवढंच सांगितलं, मला शिकव. आत्या हो म्हणाली.

फार्महाऊसच्या फाटकात अकरा नियमांचा फलक होता. नियम एक: कॉस्च्युमशिवाय पाण्यात प्रवेश नाही. नियम सात: सुट्टीच्या दिवशी तलावात पोहू नये, इतर पाहुण्यांना हातपाय लागतात. मला हा नियम अत्यंत दूरदृष्टीचा वाटला. माणूस पोहायला जातो म्हणून बुडतो. पोहणंच बंद केलं की प्रश्न मुळातून सुटतो.

नियम एकनुसार आत्याला काठावर प्लास्टिकची खुर्ची मिळाली. मांडीवर एकोणीस मोबाइल आणि सहा पर्स. ज्यांना पोहता येत नाही ते आम्ही पंचवीस जण पाण्यात उभे राहिलो. उभं राहणं आमचं चांगलं आहे. अधूनमधून कोणी आपला मोबाइल मागून घ्यायचा, रील काढायचा, परत द्यायचा. उन्नती कोपऱ्यातल्या शिडीचा पाइप धरून होती. तासभर तिने तो सोडला नाही, आणि तासभर ती आत्याकडे बघत होती.

मग आत्याने मोबाइल पिशवीत भरले, पिशवी खुर्चीवर ठेवली, काष्टा घट्ट खोचला आणि ती पाण्यात उतरली.

समर्थ नावाच्या जीवरक्षकाने शिट्टी वाजवली. "आजी, बाहेर या. साडी अलाऊड नाय."

"ये ना मंग पान्यान," आत्या म्हणाली, "आनि ने मना बाहेर."

इथे कायदेशीर पेच उभा राहिला. समर्थच्या अंगात गणवेशाची पँट होती, कॉस्च्युम नव्हता. आणि नियम एकमधून जीवरक्षकाला सूट नव्हती. मॅनेजरला बोलावलं. त्यांनी भाड्याच्या कॉस्च्युमचं कपाट उघडायला सांगितलं. किल्लीवाला जेवण वाढत होता. या प्रक्रियेला वीस मिनिटं लागली. त्या काळात समर्थ दर मिनिटाला एक शिट्टी वाजवत राहिला (कर्तव्यात कसूर नाही).

तेवढ्यात आत्याने उन्नतीच्या पाठीखाली हात घातला होता.

"आंग सैल सोर. पानी काय तुला खात नाय."

"हात काढशील तू."

"काढनार. सांगून काढनार."

तिने सांगितलं, तीन आकडे मोजले आणि हात काढला. उन्नती तरंगली. दुसऱ्यांदा जास्त तरंगली. सतराव्या शिट्टीला ती पालथी झाली, सहा-सात हात मारले आणि थेट भावेशच्या पोटावर जाऊन आदळली. नियम सातची सत्यता सिद्ध झाली.

संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर भावेशचा ठराव आला. पाणी हलल्यामुळे रील खराब झाले, मॅनेजरकडून ऐकून घ्यावं लागलं. सबब पुढच्या वर्षीपासून पोहता येणारी व्यक्ती सोबत नेऊ नये. ठरावाला एकोणीस अंगठे आले. माझा तिसरा आहे. आत्या ग्रुपवर नाही. उन्नतीला मत नाही.

तुम्ही आत्याच्या बाजूचे आहात, हे मला कळतंय. वाचताना सगळेच असतात. आमच्या घरी नाही बुवा अशी कोणी, असंही तुम्ही म्हणाल. पोहता येतं का, असं एकदा विचारून तर बघा. तुमच्या पिकनिकला सगळ्यांचे मोबाइल सांभाळत जी खुर्चीवर बसते, तिच्यापासून सुरुवात करा.