निकम काकांचे सत्तेचाळीस प्रश्न

निकम काका समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, भुवयांकडे बघून बोलतात. तेही अख्ख्या भुवईकडे नाही, कानाकडच्या टोकाकडे. तिथले केस विरळ दिसले की थायरॉइडची शंका घ्यावी, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि तेव्हापासून हिरावाडीतल्या आमच्या तीन मजली इमारतीतली एकही भुवई त्यांच्या तावडीतून सुटलेली नाही.

मागे दुसऱ्या मजल्यावर लग्न होतं तेव्हा तर कहर झाला. काका संध्याकाळी माझ्या दारात, चेहरा चिंतेने उतरलेला. "वर्षाताई, बिल्डिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. दोन दिवसांत सात बायका बघितल्या, सातही जणींची भुवई टोकाला गेलेली."

"काका, त्या सगळ्या पार्लरला जाऊन आल्यात. उद्या हळद आहे."

काकांनी शांतपणे वही उघडून सात नावं खोडली. जाताना मात्र दारात थबकले. "तुम्ही नव्हता ना गेलात पार्लरला?" मी नव्हते गेले. तिथून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

काका कृषी खात्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेत. आयुष्यभर द्राक्षवाल्यांची आणि कांदेवाल्यांची माती तपासली. पान पिवळं पडलं म्हणून शेतकरी फवारा घेऊन धावला, की हे म्हणायचे, "पानाला रंग देऊ नका. मुळाशी जा." निवृत्तीनंतर त्यांना फंक्शनल मेडिसिन सापडलं. कॉलेज रोडला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या एकेका पेशंटला तासभर देतात. थायरॉइड बिघडला तर नुसता थायरॉइड बघत नाहीत. झोप, पोट, जेवण, मनावरचा ताण, सगळ्याची चौकशी करतात. काकांना वाटलं, अरे, ही तर आपलीच लाइन. "मी डॉक्टर नाही," ते बजावून सांगतात, "मी फक्त नमुना घेतो. नमुनाच नीट घेतला नाही तर रिपोर्ट काय कामाचा?"

हा नमुना म्हणजे सत्तेचाळीस प्रश्न. सकाळी उठल्यावर ताजं वाटतं की पुन्हा पडावंसं वाटतं? पाय गार पडतात का? पोट आपणहून साफ होतं की चहाच्या धाकाने? शेवटचं ऊन अंगावर कधी घेतलंत? मनातलं कुणाला सांगता? हे सगळं जिन्यात, भाजीची पिशवी हातात असताना, खणखणीत आवाजात. मी शाळेत गणित शिकवते. प्रश्न विचारायची सवय आहे मला, उत्तरं द्यायची नाही, तेही पोटाबद्दल, तेही इस्त्रीवाल्यासमोर. मी त्यांना फटकारलंच. माझ्या सासूबाईंनी मात्र दोन तास बसून सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस उत्तरं दिली. काका गेल्यावर मला म्हणाल्या, "या घरात येऊन चाळीस वर्षं झाली, मला इतकं कुणी विचारलं नव्हतं गं."

काका एकटेच राहतात. सुमनकाकू दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला चांदवडला भावाकडे गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. काका दर रविवारी बसने चांदवडला जातात आणि संध्याकाळी एकटेच परत येतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "कांदा निघालाय, तिकडे माणूस लागतं." दोन वर्षं कांदा निघतोय. काकूंनी घरी यावं, एवढी एकच गोष्ट या माणसाला हवी आहे, हे आमच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. त्या का येत नाहीत, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

तर माझं शुक्लकाष्ठ. मला थायरॉइड आहेच, पाच वर्षं गोळी चालू आहे. काकांनी पहिल्याच दिवशी पकडलं. "गोळी आणि चहा यांच्यात किती वेळ जातो?"

"वेळ कसला? गोळी गिळायची, वर चहा."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग चहा तासाभराने सुरू झाला, रात्रीचा मोबाइल बंद झाला, सकाळी गच्चीत ऊन खाणं आलं. डाळ जास्त, बिस्किटं बंद. कुरकुर केली मी, पण खरं सांगते, तीन महिन्यांत माणसात आले. वर्गात उभं राहवायला लागलं. आणि मग मी शहाणपणा केला. इतकं बरं वाटतंय तर गोळी कशाला, म्हणून कुणाला न विचारता बंद करून टाकली. दोन महिन्यांत खडू उचलायचं त्राण राहिलं नाही.

काकांना कळलं तेव्हा ते माझ्यावर ओरडले. कधी चढा आवाज न काढणारा माणूस, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा ओरडला. "गोळी बंद करायला कोणी सांगितलं तुम्हाला? मूळ शोधायला निघालो म्हणून झाड उपटतं का कुणी?" तसेच रिक्षात घालून मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळी पुन्हा सुरू झाली. बाहेर बाकावर बसलो तर काका माझी चिठ्ठी पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते.

"काका, माझंच चुकलं. तुम्ही का एवढं मनाला लावून घेता?"

मग ते बोलले. माझ्याकडे न बघता. "सुमन दहा-बारा वर्षं सांगत होती, थकायला होतं म्हणून. भाकरी करता करता ओट्याला टेकून उभी राहायची. उन्हाळ्यात स्वेटर घालायची. दुपारी झोपली की मी म्हणायचो, दोन माणसांचा स्वयंपाक, त्यात काय थकायचं? शेतकऱ्यांच्या बायका बघ जरा. आळशी म्हणायचो तिला. चारचौघांत म्हणायचो. लग्नाला गेली तेव्हा भावाच्या सुनेनं तपासून आणलं. थायरॉइड पार बसला होता. त्या दिवशी फोन आला तिचा. म्हणाली, 'मी आळशी नव्हते बरं का.' आणि ठेवला."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. जिल्ह्याची माती तपासणाऱ्या माणसाने घरात मात्र कधी नमुनाच घेतला नव्हता. राग गिळून मी म्हटलं, "काका, काकूंना एकदा तुमच्या त्या कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे आणा."

"माझ्याबरोबर येणार नाही ती."

"मी येते सोबत."

काकू आल्या. एका बुधवारी, भाच्याच्या गाडीने. पिशवीत कपडे नव्हते, फक्त रिपोर्ट होते. आल्याआल्या मला म्हणाल्या, "दाखवून झालं का घटकाभर पडते, पण आजच निघायचं हाय मला. चार वाजता उठवा म्हणजे झालं, साडेचारची बस हाय." काकांशी त्या बोलल्याच नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. थकवा कधीपासून? काकू बोलायच्या आधी काका म्हणाले, "बारा वर्षं." मग, घरात कुणाच्या लक्षात आलं होतं का? काका उभेच राहिले, शाळेतल्या मुलासारखे. "ही सांगत होती. मी ऐकलं नाही. आळशी म्हणालो. तसं लिहा."

"काका, हे लिहायला जागा नाही यात," बाई हळूच म्हणाल्या.

"समासात लिहा. पण लिहा."

बाईंनी लिहिलं. काकूंनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं, कितीतरी वेळ. मग पदराने चष्मा पुसला आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागल्या. तासभर काकू बोलत होत्या. काका ऐकत होते.

घरी येऊन दोन घास खाल्ले आणि काकू आतल्या खोलीत आडव्या झाल्या. काका बाहेर खुर्चीत. मी चहा घेऊन गेले तर घड्याळात चारला पाच कमी होते आणि काका नुसते घड्याळाकडे बघत होते. मी कुजबुजले, "नका ना उठवू. जाऊ दे बस."

"नाही," काका म्हणाले. "ती चार म्हणालीये. आता तिचं ऐकायचं."

चार वाजले. ते उठले, दार हलकेच लोटलं. आतून त्यांचा आवाज आला, "सुमन, चार वाजले. तुझी बस आहे." मग काकूंचा झोपेतला, जड आवाज.

"लय थकलेय हो. जाऊ द्या बस. पडते अजून."

काका बाहेर आले. चेहरा सगळा ओला. दार त्यांनी आवाज न करता लावून घेतलं. खाली भाजीवाला ओरडत होता, तर अनवाणीच जिना उतरून गेले आणि हात जोडून त्याला म्हणाले, "हळू रे बाबा. आमची मंडळी थकलीये. झोपलीये."