उन्हाचे बॉयलर अटेंडंट

आमच्या घरी चुलीवर, स्टोव्हवर, गॅसवर काहीही चढवलेलं असलं आणि घरातलं माणूस तिथून हललं, की घवाळीनाना उठून त्या आगीसमोर जाऊन बसत. मग ते गप्पांना आलेले असोत, नाहीतर विरजणाला दही मागायला. आई मागच्या दारी भांडी घासायला गेली की नाना पाटावर हजर.

आई तिथूनच म्हणायची, "नाना, भात आहे तो. बॉयलर नव्हे."

"आग हाय ना वहिनी? मग झालं."

"अहो, मी इथे दारातच तर आहे."

"चार्ज देऊन गेलात काय? नाय ना? मग बसतो मी."

नाना आमचे शेजारी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये बॉयलर अटेंडंट. कोळसा जाळून वाफ करायची आणि त्या वाफेवर कारखान्याची वीज बनवायची, असं ते पॉवर हाउस. पेटलेला बॉयलर क्षणभरही एकटा सोडायचा नाही, हा त्या धंद्यातला पहिला नियम. पाळी संपली तरी बदलीचा माणूस समोर उभा राहून "चार्ज घेतला" म्हणत नाही, तोवर जागा सोडायची नाही. बाकीचे अटेंडंट हा नियम गेटावर ठेवून घरी येत. नाना तो बरोबर घेऊन येत.

शेजारच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाच्या आंघोळीसाठी मागच्या अंगणात बंब पेटवला होता. आंघोळी उरकल्या, माणसं मांडवात गेली, बंब धगधगत राहिला. नाना त्याच्यापाशी बसले. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा कोणीतरी त्यांच्या हातावर अक्षता ठेवून पळालं. नानांनी प्रत्येक "सावधान"ला त्या बंबावर टाकल्या. नवरी पाया पडायला आली तेव्हा म्हणाले, "टाकल्या हो मी पण. तुझ्या दिशेनंच."

एकदा लांज्याच्या स्टँडवर एसटीचा ड्रायव्हर इंजिन सुरू ठेवून चहाला गेला. आम्ही सगळे उतरलो. नाना मात्र ड्रायव्हरच्या केबिनला टेकून उभे. ड्रायव्हर परतल्यावर त्याला म्हणाले, "साहेब, कंडक्टरला तरी चार्ज देत जा." ड्रायव्हरने माझ्याकडे बघत विचारलं, "बरे आहेत ना हे?" मी म्हटलं, "बरे आहेत. बॉयलरवर आहेत."

हसून झालं असेल तर आता रागाचं सांगतो.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास कारखान्याच्या मालकांना अचानक हवेची काळजी वाटू लागली. घाटावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, त्यांत पैसे घातले की करात सूट मिळत होती, आणि काळजी वाटायला एवढं पुरेसं असतं. पॉवर हाउस बंद करायचं ठरलं. वीज वाऱ्याची घ्यायची, आणि कॉलनीच्या छपरांवर पाणी तापवायला सोलर हीटर बसवायचे.

पॉवर हाउसच्या धुराड्याविरुद्धची पहिली पत्रकं मीच लिहिली होती. पावसकडच्या आंब्याच्या मोहोरावर काजळी बसते, हे मी गावोगाव सांगत फिरलो होतो. तेव्हा नाना म्हणाले होते, "पुढारी, वाचलं तुझं पत्रक. खरं हाय. माझ्या बनियनवर पण बसते." धुराडं बंद झालं याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण धुराडं विझवताना त्याच्या बुडाशी उभी असलेली माणसंही राखेबरोबर बाहेर फेका, असं मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नव्हतं.

माणसं फेकली असं दिसू नये म्हणून कारखान्याने पुनर्प्रशिक्षण शिबिर घेतलं. कोळशावरच्या कामगारांना उन्हावर आणायचं शिबिर. शहरातल्या एका लॉजचा हॉल भाड्याने घेतला, 'नवी ऊर्जा, नवा माणूस' असा कापडी फलक लावला, पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक आणला. तो पडद्यावर इंग्रजी अक्षरं पाडायचा आणि ती तशीच वाचून दाखवायचा. पास होतील त्यांना कॉलनीतल्या हीटरच्या देखभालीवर घेणार, असं कारखान्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कामगार समितीतर्फे मी तिथे रोज जाऊन बसत असे, कारण साहेबांचं ते वाक्य मला पडद्यावर कुठेच दिसलं नव्हतं.

नानांना मात्र ते वाक्य पुरेसं होतं. "पंचावन्न उलटली. आता मला दुसरा कोण घेतो?" ते म्हणत. "ही एवढी नोकरी मिळाली म्हणजे मिळवली." घरी येऊन मला रोज धडा म्हणून दाखवत. व्हॉल्व्ह पाठ झाले, पाइप पाठ झाले. अडलं ते एकाच ठिकाणी.

"आग दिसत नाय, विझवता येत नाय, आणि पाणी उकळतं," त्यांनी प्रशिक्षकाला विचारलं. "ह्याचा चार्ज कोणाचा?"

"काका, सूर्याचा," तो हसून म्हणाला.

"मग त्याची बदली?"

सगळा हॉल हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं.

शेवटच्या दिवशी लॉजच्या गच्चीवर प्रात्यक्षिक झालं. टाकी भरणं, व्हॉल्व्ह बघणं, काचा पुसणं. नानांनी काच अशी पुसली की प्रशिक्षकाने तिच्यात बघून भांग नीट केला. मग तो म्हणाला, "झालं, चला खाली. साहेब आलेत. सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो." सगळे जिन्याकडे धावले.

"अहो, पण चार्ज कोण घेतो?" नानांनी मागून विचारलं. प्रशिक्षक तोवर जिन्यात होता.

खाली नावं पुकारली गेली. घवाळींचं नाव आलं तेव्हा कोणी उठलं नाही. साहेबांनी पुन्हा पुकारलं, मग प्रशिक्षकाने नावापुढे गैरहजर लिहिलं आणि ते सर्टिफिकेट बॅगेत परत टाकलं. मी पुढे जाऊन सांगितलं की माणूस हजर आहे, गच्चीवर आहे, हीटर सोडून येत नाही.

साहेब प्रसन्न हसले. "हेच यांच्या डोक्यात शिरत नाही. सोलरला अटेंडंट लागतच नाही. तीच तर त्याची गंमत."

"मग देखभालीच्या जागा?"

"ते काम एजन्सीला दिलंय. त्यांची माणसं अधूनमधून येऊन बघून जातील."

"मग हे शिबिर कशासाठी?"

साहेबांनी टाय नीट केला आणि फोटोग्राफरकडे बघितलं. मागे सर्टिफिकेट छातीशी धरलेली माणसं रांगेत उभी होती. आपल्याला नोकरी लागली असं समजून ती हसत होती, आणि तेच हसू साहेबांना फोटोत हवं होतं. असली फसवणूक मी पुष्कळ पाहिली आहे. पण फसवलेल्याला आधी भांग पाडून उभं करायचं, ही रीत मला नवीन होती.

मी तरातरा गच्चीवर गेलो. नाना टाकीच्या सावलीत बसले होते, डोक्यावर पंचा. माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र चकाकत होता. मी सगळं सांगितलं, जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या घालून.

नानांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पास झाले त्यांना पण नाय?"

"कोणालाच नाही."

"मग बरं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, माझ्याच हातून काय चुकलं."

"चला, नाना. घरी जाऊ."

"चालू हाय ना अजून." त्यांनी काचेकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बॉयलरची शेवटची आग मीच काढून विझवली. चार्ज कोणाला देऊ म्हणून विचारलं, तर वॉचमन म्हणतो, कुलपाला द्या. इतकी वर्षं रोज कोणीतरी येऊन म्हणायचं, चार्ज घेतला, नाना, जा घरी. आता घरी जा म्हणणारा कोण हाय रे? ही होती तेव्हा घरात वाट तरी बघायची."

नानी गेल्या त्या दिवसाची गोष्ट आमच्या वाडीत चहाच्या टपरीवर हसून सांगितली जाते. स्मशानातून सगळे परतले आणि नाना एकटेच तिथे बसून राहिले, ही ती गोष्ट. मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. नाना आपणहून म्हणाले, "पेटतं ठेवून कसा येणार होतो? निवेपर्यंत बसलो. त्या दिवशी पण कोण आला नाय."

मी टाकीतून निघणाऱ्या पाइपावर हात ठेवला. चटका बसला.

"चार्ज घेतला, नाना. जा घरी."

त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला. मग उठले, तो झटकला, खांद्यावर टाकला आणि बदलीच्या माणसाला सांगावं तसं नीट सांगितलं, "पाणी भरलेलं हाय. व्हॉल्व्ह बरोबर." मग पश्चिमेकडे बघून म्हणाले, "आग उतरणीला लागल्येय. ध्यान ठेव."

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. खाली हॉलमधल्या खुर्च्या गोळा होत होत्या, फलक उतरवत असावेत. मला पत्रक लिहायचं होतं, छापखाना बंद व्हायच्या आत गाठायचा होता, आणि पहिलं वाक्य तर जिना चढतानाच सुचलं होतं.

पण सूर्य अजून पाण्याच्या बराच वर होता. मी टाकीच्या सावलीत बसलो.