गायकवाडकाकांची अडचण

गायकवाडकाकांना 'कसे आहात?' असं विचारायची सोय नव्हती. लगेच उलट प्रश्न यायचा, "कशाच्या बाबतीत? आणि आज, की गेल्या आठवड्यात?" वारज्यातल्या आमच्या दवाखान्यात चहावाल्याने एकदा, चहा कसा झालाय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पर्याय द्या." तेव्हापासून तो मुकाट्याने कप ठेवायचा आणि सटकायचा.

काकांची हयात सरकारी भाषांतरात गेलेली. बायको वारल्यापासून येरवड्याच्या घरात एकटेच. मी फिजिओथेरपिस्ट. तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांचं पेव फुटलं होतं. आठवडाभर खुर्चीत बसणारी मुलं रविवारी क्रिकेट खेळायला जायची आणि टाचेमागची जाड शीर तोडून घेऊन यायची. पन्नाशीच्या बायका बसमधून उतरताना तेच करायच्या. पेशंट कितपत सावरला हे मोजायला एक इंग्रजी प्रश्नावली होती. ती मराठीत आणायची, दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून ताडून बघायची, मग पेशंटना विचारून पारखायची, असं ते काम. काका ते आनंदाने करत होते. म्हणजे भांडत.

'टेंडन'ला मला 'शीर' चालत होती, त्यांना 'कंडरा' हवी होती.

"अहो काका, कंडरा म्हटलं तर माणूस घाबरेल."

"घाबरू द्या. शिरा काय, भाजीवालीशी भांडतानाही ताणल्या जातात."

'डिफिकल्टी'ला मात्र त्यांनी एका फटक्यात 'अडचण' लिहिलं. उलट भाषांतरातही ते बिनचूक परत आलं. आम्ही खूश.

पारखायला पहिल्याच बसल्या त्या साठीच्या एक बाई, सोबत सून. काकांनी खणखणीत आवाजात वाचलं, "गेल्या महिनाभरात आपल्याला किती वेळा अडचण आली?"

बाईंनी पदर ओढून घेतला. "काहीतरीच काय विचारता हो? माझी अडचण कधीच गेली."

"गेली असेल, पण नेमकी कधी? मोघम नको."

बाईंची मान खाली ती खालीच. शेवटी सून तोंडाला रुमाल लावून म्हणाली, "काका, आमच्यात पाळीला अडचण म्हणतात."

मला हसू आवरेना. काकांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. कागद टेबलावर ठेवून ते बाहेर गेले. बिचारे लाजले, असं मला वाटलं. थोड्या वेळाने जाऊन बघते तर जिन्यापाशी बाकावर बसलेले.

"जाऊ द्या हो काका. 'त्रास' लिहू आपण."

त्यांनी वर बघितलं नाही.

"ताई, हीसुद्धा असंच म्हणाली होती. 'अहो, परत अडचण सुरू झालीय.' साठी उलटलेली तिची. मला तो अर्थ सुचलाच नाही. पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, किती पैसे हवेत? ती म्हणाली, काही नको. आणि कुकर लावायला गेली."

मला मघाशी हसलेलं तोंड कुठे लपवू असं झालं होतं.

"पुढे डॉक्टर म्हणाले, इतके दिवस रक्त जातंय, गाठ वाढलीय, आधी का आणलं नाहीत? मी सगळ्यांदेखत म्हटलं, हिने सांगितलंच नाही. ती तिथेच पलंगावर होती, ऐकत. काही बोलली नाही. तेराव्यालाही आल्यागेल्याला मी हेच सांगितलं, स्वभावच तसा तिचा, लपवून ठेवलंन."

चष्मा काढून त्यांनी हातात धरला.

"तिने सांगितलं होतं हो, ताई."